धबधब्यापाशी एक इसम

१४ जून १८७३, हॅनराहनचा धबधबा, कोलोरॅडो

नोकरी लागली, आणि तीही एका फेरीत.

आमची नाटक मंडळी डेन्व्हरला बुडाली. मालक पडद्यांसकट पसार झाला आणि मी ट्रंकेवर बसून पुढे काय याचा विचार करत होतो, तेवढ्यात सरकारी मोजणी तुकडीचे छायाचित्रकार एझ्रा लॅथ्रप तिथून चालले होते. ते थांबले. मला म्हणाले, जरा उभे राहता का? मी उभा राहिलो. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि त्यांचा सुतकी चेहरा एकदम उजळला. "तुम्हीच," ते म्हणाले. वीस वर्षं रंगभूमीवर काढली, पण एवढ्या झटपट मला कुणी निवडलेलं नाही. एक संवादसुद्धा म्हणून दाखवावा लागला नाही.

काम असं की, डोंगर-दऱ्यांच्या चित्रात कुठेतरी एक माणूस उभा लागतो. नाहीतर बघणाऱ्याला कळत नाही की हा कडा आहे की रस्त्याकडेचा मुरमाचा ढीग. तो माणूस मी. अजिबात हलायचं नाही, कारण हललेला माणूस काचेवर धूर होऊन उमटतो. निव्वळ उभं राहून प्रसंग पेलायचा तर नटच हवा, हे साहेबांनी ओळखलं म्हणायचं.

उंचीबिंचीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. मीही तो विषय काढला नाही. मी मध्यम चणीचा आहे.

१७ जून

तळावर आम्ही तिघंच. साहेब, मी आणि स्वयंपाकाच्या मिसेस क्रेन. क्रेनबाई विधवा आहेत, धिप्पाड आहेत आणि दाराच्या चौकटीतून जाताना मान वाकवतात. मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अगंबाई, हे एवढेच?" मला वाटलं सामानाबद्दल म्हणतायत. म्हटलं, एक ट्रंक मागून येतेय.

जेवण पिवळं असतं. साहेबांना कागदावर चित्र उतरवायला अंड्याचा पांढरा भाग लागतो, आणि तो रोज इतका लागतो की उरलेला पिवळा आम्हाला खावा लागतो. पिवळ्याचं पुडिंग, पिवळ्याचा केक, पिवळ्याची कढी म्हणावी असं एक काहीतरी. क्रेनबाई म्हणतात, कोंबडीनं मला स्वप्नात येऊन जाब विचारला.

आज पहिलं चित्र झालं. साहेब काळ्या तंबूत काचेवर औषध ओततात, ती चांदीच्या पाण्यात बुडवतात आणि काच ओली आहे तोवर धावत सुटतात. वाळली की मेली. धबधब्याच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून ते रुमाल हलवतात. रुमाल वर गेला की मी थिजतो, खाली आला की जिवंत होतो. मधल्या वेळात अंगावर तुषार, कानात गडगडाट, नाकावर माशी. मी पापणीदेखील हलवली नाही. साहेब म्हणाले, इतका निश्चल माणूस मी पाहिला नाही. हे मी माझ्या मनचं लिहीत नाही.

त्यांची नजर मात्र फार बारीक. माझ्याशेजारी एक बादली राहिली होती, ती काढायला लावली. लहानसं पाइनचं रोप होतं, ते कुऱ्हाडीने तोडलं. हातात धरायला बंदूक दिली ती आखूड, बसायला गाढव दिलं ते बुटकं. माझी टोपी तर त्यांनी जप्तच केली. म्हणाले, चेहरा झाकला जाता कामा नये. शेजारी काहीही नको, सगळं लक्ष तुमच्याकडे जाऊ दे. असा दिग्दर्शक मला तरुणपणी मिळाला असता तर आज मी न्यूयॉर्कला असतो.

२२ जून

आज कॅप्टन स्ट्राउड वरच्या तळावरून खाली आले. हे मोजणीचे प्रमुख. पण त्यांची मोजायची सगळी यंत्रं घेऊन एक खेचर पहिल्याच आठवड्यात नदीत गेलं, तेव्हापासून बिचारे साहेबांच्या चित्रांवर दिवस काढतायत. चित्रातल्या माणसाला कंपासच्या दोन टोकांत पकडायचं आणि धबधब्यावर तळापासून माथ्यापर्यंत चालवत न्यायचं. जितकी माणसं भरतील त्या आकड्याला सहाने गुणायचं. "माणूस म्हणजे सहा फूट" हा त्यांनी आपल्यापुरता केलेला नियम आहे. मी चिमटीत सापडून कड्यावर कोलांट्या मारत चाललोय हे बघायला जरा चमत्कारिक वाटलं. हिशेब निघाला पाचशे पस्तीस फूट. कॅप्टनांनी शीळ घातली.

त्यांच्यासमोर साहेबांनी मला फार मान दिला. मला आधीच उंच खोक्यावर घोंगडी घालून बसवलं, पायांवरही घोंगडी टाकली आणि बजावलं की कॅप्टन असेपर्यंत उठायचं नाही. कलावंताने हुद्देदारासाठी उठू नये. मी अडीच तास उठलो नाही. पाय बधिर झाले, पण तत्त्व राखलं.

कॅप्टन गेल्यावर मी धीर करून एक गोष्ट मागितली. ती इथे स्पष्ट लिहितो, कारण तिच्यासाठीच मी हे तुषार खातोय. वीस वर्षं नाटकाच्या जाहिरातीत मी शेवटच्या ओळीत होतो. त्या ओळीत नुसतं "आणि इतर" असायचं. माझी आई बिचारी ती जाहिरात भिंतीवर लावून शेजारणीला बोट ठेवून दाखवायची, "हा बघा, ह्या 'इतर'मध्ये." आता हंगामाच्या शेवटी साहेब खिडकीच्या तावदानाएवढ्या काचेवर एक मोठं चित्र घेणार आहेत. ते वॉशिंग्टनला सरकारी अहवालात छापलं जाणार. कॅलिफोर्नियात कुणा दुसऱ्या छायाचित्रकाराने याहून मोठा धबधबा टिपलाय म्हणे, त्याची साहेबांना भयंकर खुन्नस आहे. मी म्हटलं, त्या चित्राखाली माझं नाव हवं. साहेब म्हणाले, "दिलं." हात मिळवला. त्यांची बोटं चांदीच्या पाण्याने काळी पडलेली आहेत, माझ्या हाताला डाग लागला. मी तो आज धुतला नाही.

६ जुलै

कागदावरची चित्रं हाती आली. पाणी अगदी ताणलेल्या कापसासारखं दिसतं, आकाश कोरं पांढरं, आणि खाली डावीकडे मी. भिंगातून पाहिलं. चेहऱ्यावरचा भाव चांगला उतरलाय. क्रेनबाईंनीही भिंग लावून पाहिलं आणि विचारलं, हा ठिपका का? मी म्हटलं, तोच.

चित्राखाली लिहिलंय: "हॅनराहनचा धबधबा. पायथ्याशी एक इसम."

इसम. असू दे. मोठ्या चित्राला अवकाश आहे.

१९ जुलै

डेन्व्हरहून एक नवा माणूस आला. फिनियस गिल. पूर्वी शर्यतीचे घोडे पळवायचा. साहेबांनी त्याला मुद्दाम बोलावून घेतलं असं दिसतं. इतका ठेंगणा माणूस मी पाहिलेला नाही. माझ्या कानापर्यंतसुद्धा येत नाही. त्याच्याशी बोलताना मान खाली करावी लागते. हा अनुभव मला नवीन आहे, आणि खरं सांगायचं तर वाईट नाही.

पण तो कशासाठी आलाय हेही आज कळलं. तोही उभा राहणार.

२१ जुलै

गिलला रीत अशी नाहीच. जेवताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय राव, आपण दोघं एकाच कारणासाठी इथे आहोत की. देवानं जे द्यायचं राहून गेलं त्याचे पैसे घेतोय आपण."

मी त्याला शांतपणे समजावलं की मला देवानं जे दिलंय ते मी वीस वर्षं घासून-पुसून इथवर आणलंय. त्याने क्रेनबाईंकडे पाहिलं. क्रेनबाई पिवळं ढवळत राहिल्या. या धंद्यातल्या माणसांना कला या शब्दाची लाज का वाटते कळत नाही.

२ ऑगस्ट

आज कॅप्टनांनी गिलचं चित्र मोजलं. पाचशे ऐंशी फूट. तोच धबधबा, तीच जागा. साहेब तंबूमागे जाऊन एकटेच नाचले, मी पाहिलं. कॅलिफोर्निया मागे पडलं म्हणे.

मी दुपारभर दगडावर बसून विचार केला. गिल उभा राहिला की धबधबा पंचेचाळीस फुटांनी वाढतो. याचा अर्थ एकच. त्याच्यात असं काहीतरी आहे की ज्याने पाठीमागचा देखावा उंचावतो. मोठ्या नटांबद्दल असं ऐकलं होतं, की ते रंगमंचावर आले की पडदेसुद्धा भव्य वाटतात. पण गिल? जो जेवताना नाक शिंकरतो?

साहेबांना विचारलं, मोठ्या चित्रात कोण? ते कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात शिरले आणि आतूनच म्हणाले, "बघू."

मी इथे खोटं लिहिणार नाही. संध्याकाळी मला रडू आलं.

१२ ऑगस्ट

गिलची सगळी चित्रं बिघडतायत! त्या एका चित्रानंतर त्याला स्थिर उभं राहणं जमलेलं नाही. एकात त्याला दोन डोकी आहेत, एकात पाय आहेत आणि वर धूर. त्याला खाज सुटते, शिंक येते, एकदा तर काच उघडी असताना तो बेरी तोडून खायला गेला. चित्रात नुसता धबधबा आला, इसमही नाही. साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला.

मी कुणाचं वाईट चिंतत नाही. रात्रीचं जेवण मात्र आज पहिल्यांदा रुचकर लागलं.

२७ ऑगस्ट

अनर्थ. खेचर दरडीवरून बसकण मारत घसरलं आणि मोठ्या काचांची पेटी त्याच्या खाली. फोडणीसारखा आवाज झाला. खेचर उठून गवत खाऊ लागलं. एकच मोठी काच वाचली. वरच्या सुळक्यांवर बर्फ दिसायला लागलंय, नव्या काचा येईपर्यंत वाट बंद होईल.

एक काच, एक संधी. साहेब बराच वेळ गिलकडे बघत बसले. गिल कान खाजवत होता. मग त्यांनी सुस्कारा सोडला आणि मला म्हणाले, "टिबेट्स, परवा तुम्ही."

मी विचारलं, आणि नाव? ते म्हणाले, "नाव देईन. पण हलू नका."

२८ ऑगस्ट

आनंद झाला, पण मनातली सल जात नाही. मी उभा राहिलो की धबधबा पाचशे पस्तीस, तो राहिला की पाचशे ऐंशी. हे पंचेचाळीस फूट कुठून आणायचे? उद्या साहेबांना पश्चात्ताप व्हायला नको. माझ्यात भारदस्तपणा कमी पडतोय हे उघड आहे.

भांडी घासताना क्रेनबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "टिबेट्स, तुम्हाला खरंच कळत नाही की कळून घ्यायचं नाही?" मी म्हटलं, काय? त्या म्हणाल्या, "काही नाही. त्या चित्रात तुम्हाला कसं दिसायचंय ते सांगा." मी म्हटलं, ज्याच्या नावाखाली रेघ ओढावी असं.

त्यांनी हात पुसले, पेटी उघडली आणि त्यांच्या नवऱ्याचे घोडेस्वारीचे बूट माझ्यासमोर ठेवले. टाचा अशा की त्यावर तोल सांभाळावा लागतो. बुटांच्या टोकांत पिठाच्या पिशवीच्या चिंध्या कोंबल्या. वर त्याची उंच टोपी. एका विधवेने नवऱ्याची वस्तू देणं म्हणजे काय असतं ते मला कळतं. मी त्यांचा हात हातात घेतला. त्या म्हणाल्या, "सोडा, साबण लागलाय."

२९ ऑगस्ट

झालं.

साहेब लांब पलीकडच्या खडकावर कॅमेऱ्यापाशी होते. तिथून मी त्यांना कोळशाच्या कणाएवढा दिसतो, तोही कॅमेऱ्याच्या काचेत उलटा, डोकं खाली पाय वर. मी शेवटच्या क्षणी झुडपामागून बूट आणि टोपी चढवली आणि जागेवर गेलो. रुमाल वर गेला. एवढ्या उंचीवरून जग निराळंच दिसतं. तुषारांत इंद्रधनुष्य पडलं होतं आणि ते माझ्या छातीपर्यंत आलेलं. मी श्वास रोखून आईचा विचार केला. रुमाल खाली आला तेव्हा मला खाली यावंसं वाटत नव्हतं.

काच निर्दोष निघाली. साहेबांनी गिललासुद्धा मिठी मारली.

६ सप्टेंबर

आज कॅप्टन आले आणि मोठं चित्र टेबलावर पसरलं. कंपास निघाला. माझा ठिपका चिमटीत धरून त्यांनी धबधब्यावर चालवायला सुरुवात केली. साहेब मागे हात बांधून उभे होते. मी तत्त्वाप्रमाणे खोक्यावर.

कॅप्टनांनी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. "चारशे छप्पन्न," ते म्हणाले. "लॅथ्रप, तुमचा धबधबा आखडलाय."

साहेबांचा चेहरा कोऱ्या आकाशाच्या रंगाचा झाला. ते चाचरत म्हणाले की शरद ऋतूत पाणी कमी होतं. कॅप्टन म्हणाले, पाणी कमी होतं, कडा खाली बसत नाही. जूनमध्ये पाचशे पस्तीस, ऑगस्टमध्ये पाचशे ऐंशी, आता चारशे छप्पन्न. हा धबधबा आहे की ॲकॉर्डियनचा भाता?

साहेबांनी भिंग उचललं आणि माझा ठिपका पाहिला. टोपी पाहिली. मग ते माझ्याकडे वळले.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला उंच व्हायला?" त्यांचा आवाज चिरकला. "अहो, तुम्हाला ठेंगणे म्हणून घेतलं होतं मी! डेन्व्हरच्या चौकात तुमच्या पायाला जमीन लागत नव्हती ट्रंकेवरून, ते बघून घेतलं. तुमचा अभिनय? तुमचा अभिनय टाचणीच्या मुंडक्याएवढा ठिपका आहे!"

कॅप्टन हळूच म्हणाले, "टिबेट्स, जरा उठता का?"

मी खोक्यावरून उतरलो. घोंगडी खाली पडली. कॅप्टनांनी आधी माझं डोकं जिथे असायला हवं तिथे पाहिलं, मग त्यांना नजर आणखी खाली न्यावी लागली. गिलसुद्धा खाजवायचा थांबला.

६ सप्टेंबर, संध्याकाळी

मला माहीत नव्हतं असं नाही. वरच्या फळीवरचा साखरेचा डबा मला कुणीतरी काढून द्यावा लागतो, हे मला रोज माहीत असतं. फक्त इथे कुणी तसं बोललं नव्हतं, आणि मला वाटलं की अखेर एक जागा अशी मिळाली जिथे ते कुणाच्या लक्षातच येत नाही. लक्षात आलं होतं. तेवढंच लक्षात आलं होतं.

फार लागलंय. नाटकात कुणी अंडं फेकलं तर निदान ते नाटकाला असायचं.

कॅप्टनांनी निकाल दिलाय. ज्या माणसाची उंची ठाऊक नाही त्याच्यावर मोजलेलं एकही चित्र ते अहवालात घेणार नाहीत. उन्हाळाभराच्या सगळ्या काचा बाद. मार्ग एकच. मला दांडीला लावून रीतसर मोजायचं, आणि मोठ्या चित्रावर माझ्या नावापुढे माझी उंची लिहायची, म्हणजे ज्याला शंका येईल त्याने आपला कंपास घ्यावा. नाव आणि उंची दोन्ही, नाहीतर काहीच नाही. चित्र वॉशिंग्टनला जाईल, छापलं जाईल, सगळ्या देशात फिरेल.

साहेब तंबूत तोंड लपवून बसलेत. सकाळपर्यंत विचार करा म्हणाले कॅप्टन. माझ्यावर सोडलंय.

गिल येऊन गेला. म्हणाला, "लेका, मला मोजा म्हणालो त्यांना, फुकट मोजा. पण त्यांच्या मोठ्या चित्रात मी नाही, तू आहेस." मग क्रेनबाई आल्या. मला वाटलं बुटांबद्दल माफी मागतील. त्या नुसत्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "बूट त्या चित्रात बरे दिसलेत. तो जिवंत असताना त्याला एवढे शोभले नाहीत." बसल्यावर त्यांचं आणि माझं अंतर तसं फार नसतं.

७ सप्टेंबर

सकाळी मी स्वतःहून दांडीपाशी गेलो. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची मोजणीची दांडी, एवढीच काय ती नदीत गेली नव्हती. बूट काढले, मोजे काढले. सगळे जमले होते, साहेबसुद्धा. मी रंगमंचावर कधी इतका उघडा उभा राहिलेलो नाही.

कॅप्टनांनी माझे केस तळहाताने दाबले. म्हणाले, केस धरायचे नाहीत. "पाच फूट."

"पुन्हा बघा," मी म्हटलं.

"पाच फूट आणि थोडं."

"थोडं किती?"

ते वाकले. "अर्धा इंच. सोडून द्या, पूर्णांकच लिहितो."

मी म्हटलं, नाही. काल माझं सगळं काढून घेतलंत ते मी दिलं, कारण ते माझं नव्हतं. हा अर्धा इंच माझा आहे. हा लिहायचा.

कॅप्टनांनी डोकं खाजवलं, कागदावर आकडे मांडले आणि चकित होऊन म्हणाले की अर्धा इंच सोडला तर धबधबा चांगला तीन फुटांनी खाली येतो. हे ऐकताच साहेब धावत लेखणी घेऊन आले. "लिहा, लिहा, अर्धा इंच लिहा," ते म्हणाले. कॅलिफोर्निया तर आता गेलंच होतं, पण तीन फूट म्हणजे तीन फूट.

मग बूट आणि टोपी निराळे मोजले. सरकारी अहवालात माणूस आणि बूट एकत्र करता येत नाहीत, असं कॅप्टनांचं ठाम म्हणणं पडलं.

साहेब काचेवर दाट शाईने लिहायला बसले. खाली डावीकडे, काळ्या खडकावर. कागदावर सुलट यावं म्हणून काचेवर अक्षरं उलटी काढावी लागतात. ऑर्विल टिबेट्स, असं उजवीकडून डावीकडे हळूहळू उमटत गेलं. मी त्यांच्या खांद्याशी उभा राहून एकेक अक्षर वाचलं. उलटं असलं तरी स्वतःचं नाव माणसाला वाचता येतं. पुढे टाचा आल्या, टोपी आली, अनवाणी पाच फूट आलं, आणि साहेब थांबले. म्हणाले, पहिलं अक्षर फार मोठं काढलं, खडक संपला, पुढे पाणी आहे आणि पाण्यावर लिहिलेलं दिसणार नाही. अर्धा इंच मावत नाही. एकतर तो सोडावा लागेल, नाहीतर नाव खरवडून पुन्हा बारीक लिहावं लागेल, इतकं बारीक की भिंगाशिवाय कुणाला वाचता येणार नाही.

सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, नाव बारीक करा.